फौजदाराचा तपास

उन्हाळा तापला, मडक्यांना मागणी आली आणि नेमक्या त्याच आठवड्यात व्यापाऱ्यानं तीनशेतली तीस मडकी परत पाठवली. गाडीवाल्यानं ती अंगणात ओळीनं मांडली, मानेवरचा घाम पुसला आणि उभ्याउभ्याच निरोप सांगितला.

"पाणी भरलं की बुडाखाली थारोळं होतंय. गिऱ्हाइकं दुकानात येऊन भांडतात. शेठ म्हणाले, असंच चाललं तर दुसरा कुंभार बघावा लागेल."

"तू गाडी कशी हाकतोस ते आधी सांग," फौजदार म्हणाला.

फौजदार म्हणजे कुंभारच. तीसेक वर्षं चाकावर बसून पाठीला बाक आलेला माणूस. पण गावानं त्याला फौजदार नाव ठेवलं होतं आणि ते त्याला शोभायचंही. घरातली वाटी हरवली तर तो आधी शेजाऱ्याचा जबाब घ्यायचा. वाटी चुलीमागे सापडली तरी शेजारी काही सुटायचा नाही. आताही त्यानं एकेक मडकं उन्हात धरून फिरवलं. प्रत्येकाच्या बुडाशी केसासारखी चीर होती. त्याला ती चीर दिसली आणि चिरेच्या मागे लगेच माणूस दिसायला लागला.

पहिला संशय गाडीवाल्यावर. दुसरा सरपणवाल्यावर, त्यानं ओलं लाकूड घातलं म्हणून. तिसरा पलीकडच्या अंगणात कौलं करणाऱ्या चुलतभावावर. "तो माझ्या मातीत चुन्याचे खडे टाकतो," फौजदार म्हणाला, आणि दोन दिवस त्यानं सगळ्या घराला माती चाळायला लावली. तिसऱ्या दिवशी मसुरीएवढा एक पांढरा खडा सापडला. तो त्यानं कागदात बांधून फळीवर ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्देमाल म्हणून दाखवला. चुलतभावानंही येऊन पाहिला. "एवढ्याशा खड्यानं तीस मडकी फुटली?" त्यानं विचारलं. विचारताना चुलतभाऊ हसला, हे फौजदारानं लक्षात ठेवलं.

मग गाडीवाला बदलला, लाकूड बदललं. तळ्याच्या या काठची माती सोडून पलीकडच्या काठची आणायची ठरली. मुलानं खोऱ्यानं ती खणायची, डोक्यावरून वाहायची, आणि सुनेनं ती पायानं मळायची. सून सकाळी मातीत उतरली की दुपारी बाहेर यायची. टाचा फुटल्या होत्या, आणि फुटलेल्या टाचांत माती शिरली की ती वाळेपर्यंत ठणकत राहायची. लग्न होऊन तिला आठ महिने झाले होते. तिचा बाप विटा थापायचा. चिखलाची तिला काही नवलाई नव्हती, पण या घरातल्या चिखलाकडे सतत कुणीतरी बघत असतं, एवढं तिच्या लक्षात आलं होतं.

भट्टी उघडल्यावरचं शेवटचं काम सासूचं. ती उंबऱ्याशी पोत्यावर बसायची. एका हातावर मडकं तोलायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्यानं ठोकायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर ते पुढे, बद्द वाजलं तर मागच्या ढिगात. डोळ्यांना न दिसणारी चीर आवाजाला लपत नाही. घडवणारा फौजदार, भाजणारा फौजदार, पण शेवटचा शब्द तिचा. तो कुणाचंही ऐकत नसे, मात्र तिनं मागे टाकलेलं मडकं कधी पुढे घेत नसे. "तिचा कान म्हणजे तराजू आहे," असं तो चारचौघांत म्हणायचा. बायकोचं एवढंच एक कौतुक त्याच्या तोंडून कुणी ऐकलं असेल.

नव्या मातीची भट्टी उघडली त्या दिवशी सून पुढची मडकी उचलून भिंतीकडे रचत होती. एक उचलताना तिच्या हातातली बांगडी मडक्यावर आपटली. आवाज बद्द आला. ती थांबली. विटेवर वीट मारून कच्ची-पक्की ओळखणं तिला बोलता येण्याआधीपासून येत होतं. तिनं मडकं पुन्हा वाजवून पाहिलं. बद्द. हे तर पुढच्या, चांगल्या रांगेतलं. तिनं सासूकडे बघितलं. सासू शांतपणे पुढचं मडकं वाजवत होती. तेही बद्द वाजलं, अंगणाच्या या टोकाला ऐकू आलं. सासूनं ते पुढे ठेवलं.

मुद्दाम करतायत, सुनेला वाटलं. आपल्याला घालवायला.

एकदा तसं वाटल्यावर मागचं सगळं त्यात बसायला लागलं. मागून हाक मारली तर सासू ओ देत नसे. काही सांगायला जावं तर तोंड वळवायची. जेवताना एका बाजूनं हळूहळू चावत राहायची, मध्येच जबडा कट्‌कन वाजायचा, आणि सून बघतेय असं दिसलं की ताट घेऊन उठायची. आठ महिन्यांत तिनं सुनेशी धड आठ गोष्टी केल्या नव्हत्या. त्या घरात संशय घामोळ्यासारखा होता, राहणाऱ्या कुणालाही उठायचा.

आणखी एक गोष्ट सुनेनं पाहिली. घरामागे फुटक्या मडक्यांचा जुना ढीग होता, चांगला कमरेइतका. दर भट्टीत शंभरातली दहा तरी जायचीच, असं नवरा म्हणायचा. या उन्हाळ्यात मात्र दोन भट्ट्यांच्या मिळून दोन टोपल्याही मागे पडल्या नव्हत्या. फौजदार त्यावर खूश होता. "हात बसलाय माझा," म्हणायचा. व्यापाऱ्याकडून परत येणारी मडकी आणि मागच्या ढिगात न गेलेली मडकी, यांचा मेळ घालून बघायचं त्याला सुचलं नाही. फुटायची तेवढीच फुटत होती, फक्त ती वेचली जात नव्हती. सुनेला हे कळलं आणि कुणाला सांगावं ते कळेना.

दुसऱ्या खेपेची चौतीस मडकी परत आली. या वेळी निरोप गाडीवाल्याचा नव्हता, व्यापाऱ्याची चिठ्ठी होती. पुढची भट्टी उघडेल तेव्हा मी स्वतः येईन, त्यात बरोबर निघालं तर ठीक, नाहीतर आपला रामराम.

फौजदारानं चिठ्ठी घडी घालून टोपीत ठेवली आणि ओट्यावर बसून सगळ्यांना बोलावलं.

"गाडीवाला बदलला. लाकूड बदललं. माती बदलली. तरी तेच. मग काय बदलायचं राहिलं?" त्यानं एकेकाकडे बघितलं आणि नजर सुनेच्या पायांवर आणून ठेवली. "आठ महिन्यांपूर्वी या घरात काय आलं?"

मुलगा खाली मान घालून चाकाशेजारी ओल्या मडक्याला थापी मारत होता. आतून दगडी गोळा, बाहेरून लाकडी थापी, थप थप.

"विटेचा पाय आहे तिचा," फौजदार म्हणाला. "वीट कशीही तुडवली तरी चालते. मडक्याच्या मातीत वारा कोंडलेला चालत नाही. ही भट्टी शेवटची. व्यापाऱ्यासमोर यातलं एक मडकं जरी खोटं निघालं, तर हिच्या बापाला बोलवा. घेऊन जाऊ दे."

"बाबा, मळण्यात काही चूक नाही," सून म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मी ऐकलंय. बद्द वाजणारी मडकी चांगल्यात जातात. आईच ती..."

पुढचं बोलणं झालंच नाही. नवरा उठला, त्याचा हात वर गेला आणि हातातली थापी सुटून तिच्या गुडघ्याजवळून भिंतीवर आदळली. "माझ्या आईवर घेतेस?"

सून जागची हलली नाही. घाबरायला वेळच मिळाला नव्हता. पण अंगणाच्या पलीकडे, जिच्यावर कुणी काही फेकलं नव्हतं, ती सासू खाली बसली होती. मान खांद्यात ओढलेली, डावा हात कानावरून डोक्यावर घेतलेला, डोळे घट्ट मिटलेले. चाबूक नुसता दिसला तरी पाठ आखडून घेणारा बैल सुनेनं बापाच्या भट्टीवर पाहिला होता. मग सासूनं हात हळूहळू खाली घेतला, डोळे उघडले आणि ती मुलाकडे बघत राहिली. मुलगा थापी उचलायला वाकला होता.

"ऊन लागलं असेल तिला," फौजदार म्हणाला आणि आत गेला.

त्या दिवसापासून सुनेनंही तपास धरला. पण तिचा तपास फौजदारासारखा ओरडून नव्हता. पाण्याची कळशी घेऊन ती सासूच्या डाव्या बाजूनं गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "आई, दूध उतू चाललंय." सासू तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. सून वळसा घालून उजव्या बाजूला आली, जवळ वाकली आणि तेच बोलली. सासू धडपडून उठली, उठताना भिंतीला हात लावला आणि दोन क्षण तशीच उभी राहिली, मग चुलीकडे गेली. दूध चुलीवर नव्हतंच. सुनेकडे तिनं पाहिलं ते चोरी पकडली गेल्यावर बघतात तसं.

डावं मनगट वाकडं होतं, हेही सुनेनं आताच नीट पाहिलं. आजवर तिला ती मोठाली मडकी तोलून पडलेली लकब वाटली होती.

चार दिवसांनी मातीच्या खड्ड्याशी सासूनं मान वळवली आणि कोसळली. आकाश फिरतंय म्हणाली, ओकली, आणि डोळे मिटून गवत मुठीत धरून पडून राहिली. मुलगा घाबरला. त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि तो आणि सून तिला घेऊन दवाखान्यात गेली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक खाट आणि एक नर्सबाई. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि तो वार आज नव्हता.

नर्सबाईनं मुलाला बाहेर बसवलं. कानात बॅटरी मारून बघितलं, दोन्हीकडे, मग पुन्हा डावीकडे. मनगट दाबलं. जबड्यावर बोटं ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं. डाव्या बरगड्या चाचपल्या तेव्हा सासूनं श्वास रोखला.

"कानाचा पडदा फाटलेला आहे. आजचा नाही, फार जुना. चक्कर त्यामुळे असू शकते. डोकं दुखतं?"

"रोजच. त्याचं काय एवढं."

"झोप?"

"लागते थोडी. दचकून उठते."

"कान कशानं फुटला?"

"विहिरीवर पडले होते."

"मनगट?"

"गाईनं ढकललं."

"बरगडी?"

"जिन्यावरून."

"तुमच्या घराला जिना आहे?"

"नाही. माहेरच्या."

नर्सबाईनं कागद पुढे ओढला. "विहीर, गाय, जिना. आई, तुमच्यावर सगळ्यांनीच दात धरला होता म्हणायचा," ती म्हणाली, पण हसली नाही. "इथे कारण लिहायचं असतं. काय लिहू?"

"पडले लिहा."

"एवढ्या वेळा एकाच बाजूवर कुणी पडत नाही. आमच्याकडे पडलेली माणसं रोज येतात. माझा संशय आहे, मी संशय लिहिते. तुम्ही हो म्हणू नका, नाही म्हणू नका. मात्र शहरातल्या कानाच्या डॉक्टरला दाखवा. उजवा कानही उतरत चाललाय, त्याला यंत्र लावता येतं. डावा आता परत यायचा नाही. आणि पुन्हा पडावं लागणार असेल, तर पडायच्या आधी इथे या."

मुलगा गाडी बघायला गेला. दोघी दवाखान्यासमोरच्या झाडाखाली बसल्या. सून उजव्या बाजूला जाऊन बसली.

"घरी सांगू नकोस," सासू म्हणाली.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"डाव्यानं? तुझा नवरा पाळण्यात होता."

"मग इतकी वर्षं मडकी?"

"उजव्यानं. मान वळवून. कुणाच्या लक्षात नाही आलं. गेल्या पावसाळ्यापासून तोही दगा द्यायला लागला. पहिल्यांदा वाटलं, मडकीच सगळी बरी निघतायत."

"बाबा मारायचे," सून म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. थापी माझ्यावर आली आणि वाकलात तुम्ही."

सासूनं पदरानं तोंड पुसलं. समोरून शेळी ओढत जाणाऱ्या बाईकडे ती बघत राहिली.

"आता नाही मारत. दहा वर्षं झाली."

"सुधारले?"

"खांदा आखडला त्यांचा."

सुनेला हसू आलं आणि हसू आलं याची लाजही वाटली. मग तिला राग आला. "आई, तुम्ही गप्प बसलात तर मला बापाकडे धाडतील. माझ्या पायाला दोष लावून. लोक म्हणतील, मडकी फोडली म्हणून परत आली. आणि तुम्हाला हे सगळं माहीत होतं."

"माहीत होतं," सासू म्हणाली. "मला वाटलं, चार दिवस जाशील, परत येशील."

"परत कोण आणतं?"

"त्या पोत्यावर बसते तोवर मी त्या घरात कुणीतरी आहे," सासू म्हणाली. "कान गेला म्हटलं की मी नुसतं एक खाणारं तोंड. आणि कसा गेला ते विचारतील. तुझा नवरा विचारेल. त्याला मी काय सांगू?"

"मग मी तुमच्याजवळ बसते. बद्द वाजलं की पायाला पाय लावीन."

सासूनं तिच्या फुटलेल्या टाचांकडे बघितलं. मान हलवली. पण पायांच्या या खुणेवर किती भरवसा ठेवायचा, याची दोघींनाही शंकाच होती.

तिसरी भट्टी उघडली तेव्हा व्यापारी सकाळीच येऊन बसला होता. पांढरे बूट, हातात रुमाल, राख अंगावर येऊ नये म्हणून खुर्ची वाऱ्याच्या उलट बाजूला मांडलेली. चुलतभाऊ कुंपणाला टेकून उभा होता, मजा बघायला. फौजदारानं दोघांकडेही संशयानं पाहून घेतलं आणि राख बाजूला सारायला सांगितलं. मडकी अजून कोमट होती.

सासू पोत्यावर बसली. शेजारी सून, मडकी हातात देण्याच्या निमित्तानं. मडकं वाजायचं. पाय हलला नाही की ते पुढे, पाय लागला की मागे. पन्नास मडकी झाली. सहा मागे पडली. व्यापाऱ्यानं पुढची दोन उचलून पाहिली आणि समाधानानं खाली ठेवली. सुनेला वाटलं, जमतंय.

"ही काय बसून राहिलीय?" फौजदार ओरडला. "इतकी वर्षं तिला मडकं हातात द्यायला माणूस लागलं नाही. ऊठ, राख भर."

सून उठली नाही. मग नवरा म्हणाला, "ऊठ." ती उठली. भट्टीकडे जाताना मागे बघत होती. सासूनं पुढचं मडकं घेतलं, वाजवलं आणि ते हातात धरून बसली. मग पुढे ठेवलं. त्याच्या पुढचंही पुढे. राखेची टोपली भरताना सुनेनं तीन वेळा बद्द आवाज ऐकला आणि तीनही वेळा डोळे मिटले.

व्यापारी उठला. त्यानं नुकतंच ठेवलेलं मडकं उचललं, अंगठीच्या बोटानं वाजवलं, मग शेजारच्या घागरीतलं पाणी त्यात ओतलं. बुडाखाली ओल आली, तिचा थेंब झाला आणि त्याच्या बुटावर पडला.

"हे चांगल्यातलं?" त्यानं विचारलं.

कुंपणावरून चुलतभाऊ खोकला. फौजदाराचा चेहरा तापला. तो व्यापाऱ्याशी बोललाच नाही, थेट सुनेकडे वळला. "झालं समाधान? गाठोडं बांध. आजच्या आज बापाला निरोप जाईल. विटा तुडव जाऊन."

सुनेनं टोपली खाली ठेवली. नवऱ्याकडे बघितलं. तो भट्टीच्या तोंडाकडे बघत होता.

"तिच्या मळण्यात काही नाही," सासू म्हणाली.

ती पोत्यावरून उठली नव्हती. पण आवाज मोठा होता. बहिऱ्या माणसाचा निघतो तसा, स्वतःला न मोजता निघालेला. "मला ऐकू येत नाही. मी अंदाजानं टाकत होते. मागच्या दोन्ही खेपा मी बिघडवल्या."

"काहीतरी काय," फौजदार म्हणाला. "तुझा कान..."

"डावा तुम्ही फोडलात. उजवा आता वयानं गेला."

व्यापारी रुमालानं बूट पुसायला लागला. दुसरीकडे कुठे बघावं ते त्याला सुचलं नसावं.

"रांजण होता," सासू सांगत राहिली. ती फौजदाराच्या ओठांकडे बघत होती, तो मध्ये बोललाच तर कळावं म्हणून. "तुम्ही घडवलेला. असंच गिऱ्हाईक उभं होतं. मी वाजवला आणि म्हणाले, बद्द आहे. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत. मनगट त्याच्या पुढच्या वर्षीचं. बरगडीचं साल आठवत नाही. दवाखान्यात मी पडले म्हणून सांगितलंय. नर्सबाईला पटलं नाही."

गाडीवाल्याला धरलं, सरपणवाल्याला धरलं, चुलतभावाला धरलं, आठ महिन्यांच्या सुनेला धरलं. तपास लागला तो फौजदाराच्याच दारात येऊन. त्याचा उजवा हात अर्धवट उचलला गेला, खांद्याशी अडकला आणि तसाच खाली आला. मारायला उचलला होता की थांबवायला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मुलगा मात्र चटकन दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"मग आता वाजवायचं कोणी?" व्यापाऱ्यानं विचारलं. त्याला संध्याकाळच्या आत परतायचं होतं.

सासूनं सुनेला हातानं बोलावलं आणि पोत्यावरून बाजूला झाली. सून बसली. पुढे ठेवलेली सगळी मडकी तिनं पुन्हा पहिल्यापासून वाजवली, मग भट्टीतली उरलेलीही. दुपारपर्यंत तीनशेतली एकतीस मागे पडली. व्यापाऱ्यानं मधूनमधून पाणी ओतून पाहिलं आणि मग ओतायचं सोडून दिलं. उरलेली गाडीत भरून घेऊन जाताना तो सुनेला म्हणाला, "पुढची खेप तुमच्या कानावर." फौजदाराशी तो बोलला नाही. चुलतभाऊ केव्हाच निघून गेला होता, आणि तो गेला म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार होतं.

दिवसभर फौजदार चाकाशी बसून होता, पण चाक फिरलं नाही. मुलगा दोन वेळा सुनेजवळ आला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "त्या दिवशीची थापी..."

"मला नाही लागली," सून म्हणाली. "आईंना लागली." तो हात मागे बांधून उभा राहिला आणि मग पाणी आणायला गेला.

दिवेलागणीला चौघं जेवायला बसली. सासू चुलीजवळ, नेहमीसारखी. फौजदारानं दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच धरला.

"तेव्हाच सांगायचं होतंस," तो म्हणाला.

सुनेनं सासूच्या उजव्या कानाशी वाकून ते सांगितलं.

"सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी," सासू म्हणाली. "तुम्ही म्हणालात, नाटकं करू नकोस."

फौजदार ताटाकडे बघायला लागला.

"मला एक विचारायचं होतं," सासू म्हणाली. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात पुसले आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. "त्या दिवशी मारून झाल्यावर तुम्ही बाहेर गेलात. थोड्या वेळानं परत आलात. मी भिंतीशी पडले होते. तुम्ही खाली बसलात आणि या डाव्या कानाशी तोंड आणून काहीतरी बोललात. तुमचा श्वास लागला मला. शब्द नाही ऐकू आले. काय बोललात?"

मुलाचा हात ताटातच थांबला. फौजदारानं बायकोकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. काहीतरी चांगलं सांगता येईल का, हे तो शोधत होता, आणि शोधतोय हे तिघांनाही दिसत होतं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

सासूला ऐकू गेलं नाही. ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि उजवा कान त्याच्या तोंडाशी नेला.

"आठवत नाही!" त्याला ओरडावं लागलं. पलीकडच्या अंगणातलं बोलणं थांबलं.

"बरं," सासू म्हणाली. ती मागे सरकली. "तुम्ही 'चुकलं' म्हणालात, असं मी धरून चालले होते. संसार केला त्याच्यावर."

मग तिनं त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. तो अजून जेवत होता.